आजींची विहीर आणि खाणीतला फॉल्ट

"बाळा, जमिनीत सळ्या कशाला ठोकूलास?"

मराठी कानावर पडली आणि माझा हातोडा थांबला. गोकाकच्या पलीकडे, चुनखडीच्या खाणींच्या त्या पट्ट्यात दिवसभर कन्नडच बोलायचं. मघाशी मी खानापूरला आईशी फोनवर बोलत होतो, ते बांधावरच्या आजींनी ऐकलं असावं.

"खडक आत कुठं मोडलाय ते बघतोय, आजी."

"खडक बघ. पण माझी हीर आटली, ती कोण बघणार?"

त्या क्षणी मी फारसं मनावर घेतलं नाही. आठ दिवसांनी त्याच वाक्यावर माझा अहवाल फिरला.

झालं होतं असं. खाणीत एका सुरुंगानंतर उत्तरेकडच्या बेंचमधून, म्हणजे खडकात पाडलेल्या पायरीसारख्या टप्प्यातून, पाण्याची धार सुटली आणि खालच्या टप्प्याचा कोपरा घसरला. नशीब की जेवणाची सुट्टी होती, खाली कुणी नव्हतं. पुढचे सुरुंग थांबवून आम्हाला, जमिनीखालच्या खडकाची तपासणी करणाऱ्यांना, बोलावलं. फॉल्ट, म्हणजे प्रस्तरभंग, खडक तुटून सरकलाय अशी भेग, आहे का, आणि असेल तर कुठून कुठे जातो, एवढंच सांगायचं होतं. गोकाकचा धबधबा ज्या कलादगी खडकांवरून पडतो, त्यांच्याच घराण्यातली ही चुनखडी. शंभर कोटी वर्षांहून जुनी, दुमडलेली आणि ठिकठिकाणी तुटलेली. फॉल्ट असण्याचं नवल नव्हतं. त्याची जागा आणि दिशा नेमकी सांगणं महत्त्वाचं होतं, कारण नवा बेंच कुठं पाडायचा ते त्यावर ठरणार होतं.

पहिल्या दिवशी व्हीएलएफ, म्हणजे अतिशय कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी टिपणारं, यंत्र घेऊन पूर्व-पश्चिम चाललो. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथं नौदलाचं प्रक्षेपण केंद्र आहे, पाणबुड्यांशी संपर्कासाठी. त्याच्या 18.2 किलोहर्ट्झच्या लहरी आमच्यापर्यंत पोचतात आणि जमिनीत पाण्यानं किंवा चिकणमातीनं भरलेली भेग असली की तिथं त्यांचा कल बदलतो. केंद्राच्या दिशेनं लांबलेली भेग सगळ्यात ठळक दिसते. इथून ते केंद्र दक्षिण-आग्नेयेला, आणि आमचा संशयही उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे जाणाऱ्या भेगेचाच. दोन ठिकाणी खूण मिळाली. त्यातली एक नेमकी विजेच्या तारांखाली होती, तारांमुळेही अशी खूण येऊ शकते, म्हणून ती मी तिथंच खोडली.

मग रेझिस्टिव्हिटी, म्हणजे जमिनीत वीज सोडून खडक तिला किती रोध करतो ते मोजणं. 48 सळ्या, दर 5 मीटरला एक, म्हणजे 235 मीटरची एक रेघ, साधारण 40 मीटर खोलीपर्यंतचं चित्र. ऐकायला सोपं आहे. पण फेब्रुवारीत काळ्या रानाला तळहात जाईल एवढ्या भेगा असतात, सळी ठोकली तरी मातीला नीट चिकटत नाही आणि वीज आत उतरत नाही. म्हणून प्रत्येक सळीच्या मुळाशी मिठाचं पाणी ओतायचं, थांबायचं, पुन्हा तपासायचं. आमचा पोरगा कॅन घेऊन त्या रेघेवर दिवसभर ये-जा करत होता. अख्ख्या चुनखडीचा रोध हजार ओहम-मीटरच्या वर येत होता. सहाही रेघांवर मध्येच एक तिरका निळा पट्टा, म्हणजे चित्रात कमी रोधाचा रंग, उतरत होता, तिथं आकडा चाळीस-पन्नासवर. व्हीएलएफची उरलेली खूण त्याच पट्ट्यावर बसली. दोन वेगळ्या पद्धती एकाच जागी बोट ठेवतात तेव्हा मला खरा धीर येतो. एकीवर विसंबून मी फॉल्टची रेघ ओढत नाही.

ड्रिलिंग लावलं. एकतिसाव्या मीटरला, ड्रिलसाठी आत सोडलेलं आणि परत वर येणारं पाणी एकाएकी बंद झालं, सगळं खालीच जिरू लागलं. नळीतून आलेला गाभा मी हातात घेतला तर अखंड दांडा नव्हताच. खडकाचे टोकदार तुकडे, मध्ये ओल्या पिठासारखी करडी माती, आणि एका तुकड्याचा चेहरा आरशासारखा घासलेला, त्यावर एकाच दिशेचे ओरखडे. बोट फिरवलं की ते ओरखडे जाणवत होते. अजून शंका कसली?

नकाशावर मी फॉल्ट खाणीच्या लीजच्या (भाडेपट्ट्याच्या) हद्दीच्या खांबापर्यंत ओढला आणि थांबलो. पलीकडे रेघा टाकल्या नव्हत्या. आमचं कंत्राट तेवढंच होतं. सही करायला पेन उचललं आणि फॉल्टची ती रेघ पुढे नेली तर कुठे जाते, ते डोळ्यांसमोर आलं. आजींच्या विहिरीकडे.

मॅनेजर म्हणाले, हद्दीबाहेरचं आपलं काम नाही. मी म्हटलं, पाणी त्या बाजूनं येत असेल तर तुमचा बेंच त्याशिवाय सुरक्षित होणार नाही. हे कारण त्यांना पटलं. आजींच्या उसाची तोडणी नुकतीच झाली होती, त्या रिकाम्या रानातून दोन रेघा टाकल्या. पट्टा दोन्हींत होता, विहिरीपासून जेमतेम 20 मीटरवर.

तरीही पट्टा दिसला म्हणजे पाण्याची वाट सिद्ध झाली असं नाही. चिकणमातीनं बुजलेला फॉल्ट पाणी अडवतोही. म्हणून शनिवारी संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत खाणीतल्या पाण्याचा पंपानं होणारा उपसा बंद ठेवायला लावला. आजींनीही आपली मोटर लावली नाही. त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेली पायऱ्यांची विहीर. पाणी होतं त्या पायरीवर मी चुन्याची खूण केली. सोमवारी उजाडता आम्ही उतरलो. खूण पाण्याखाली होती, तिच्या वरच्या दोन पायऱ्याही. तिसरी नुकती ओली होत होती. आजी वाकून तिला हात लावत म्हणाल्या, "मी सांगूलालो तर कोण ऐकूलालं?"

उपसा सुरू झाल्यावर गुरुवारपर्यंत खूण पुन्हा उघडी पडली.

अहवालात मी फॉल्ट विहिरीच्या शेजारून ओढला. उत्तरेकडचा बेंच मागे घ्यावा आणि ओढ्यात सोडलं जाणारं उपशाचं पाणी तपासून, गाळून त्या विहिरीत पाइपनं परत द्यावं, असं लिहून सही केली. बेंच मागे घेतलाय. पाइप अजून आलेला नाही. दर सोमवारी आजींचा मुलगा पायरी मोजून मला फोन करतो, आणि मी तो आकडा तारखेसकट मॅनेजरना पाठवतो.