आमच्या मंडळीत कामं वाटली गेली तेव्हा

नवापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी पगारी सेविका आहे. संडे स्कूल, तरुण संघ, महिलांची प्रार्थनासभा, नाताळची नाटिका, सगळं पाळकसाहेब, एक सुवार्तिक (सुवार्ता सांगणारा सेवक) आणि मी चालवायचो. पण दिवाळी झाली की अर्धी मंडळी बारडोलीकडे ऊसतोडीला जाते. कार्यक्रम गावात आणि मुलं तिकडे पडावावर, ऊसतोडीच्या तळावर! म्हणून पाळकसाहेबांनी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीपुढे बायबलमधल्या निर्गमाचा 18वा अध्याय वाचला. एकटाच लोकांचा न्याय करत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो सांगतो, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. "आपल्याला दहांवरची हवीत," पाळकसाहेब म्हणाले.

"पगार तुम्ही घेता, मग काम आमच्यावर का?" मंडळीला दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, देणाऱ्याचा हा प्रश्न रास्तच. घरोघर जाऊन सांगावं लागलं की आमचं काम कमी होत नाही. शिकवणारी माणसं तयार करायला उलट जास्त वेळ लागतो.

निवडताना मी छान बोलणाऱ्यांकडे गेले नाही. गैरहजर पोराच्या घरी आपणहून डोकावणारी माणसं शोधली. बहुतेक सुना आणि कॉलेजच्या मुली निघाल्या, म्हणजे आधी सासूबाईंशी, वडिलांशी बोलणं आलं. तयारीची बैठक रात्री जेवणं उरकल्यावर, कारण दिवसा सगळ्या मजुरीवर. आधी मी शिकवायचं, त्यांनी पाहायचं. मग अर्धा धडा त्यांचा. मग मी मागे बसायचं. हे मागे गप्प बसणं सर्वांत कठीण. धडा अडखळला तरी उठायचं नाही, जे बोलायचं ते वर्ग सुटल्यावर, दोघींतच. त्या इथल्या मावची बोलीतून गोष्ट सांगू लागल्या, तशी एरवी तोंड न उघडणारी लहानगी प्रश्न विचारू लागली. त्या वर्षीची नाटिका साधीच झाली, पण सगळी त्यांनी बसवलेली.

महिन्याच्या अहवालात पूर्वी हजेरीचे आकडे असत. आता कोणाला काय सोपवलं आणि नंतर त्या माणसाला भेटलो का, ते लिहितो.

एक सून ऊसतोडीला जाताना चित्रं आणि गीतांचं पुस्तक घेऊन गेली. तिकडे रविवार आपल्या हातात नसतो, तोडणी मुकादम सांगेल तेव्हा. ज्या संध्याकाळी लवकर सुटेल, त्या संध्याकाळी ती मुलं जमवते. धड्याची तयारी आम्ही फोनवर करतो आणि हंगामात तिला भेटायला जातो. त्या भाड्याचे पैसे कमिटीने मंडपाच्या खर्चातून काढले, याचं मला फार समाधान आहे.

पुरुष मात्र मुलांच्या वर्गाला अजून पुढे येत नाहीत. पावसाळ्यात सगळे गावात असतात, तेव्हा पाळकसाहेब त्यांच्याबरोबर बसणार आहेत.