१ जूनचा केक

इस्तंबूलच्या त्या छोट्या हॉटेलात दुपारी दीडच्या सुमारास दारावर टकटक झाली. उघडलं तर बशीत केकचा तुकडा, त्यात एकच मेणबत्ती, आणि हाताच्या आडोशाने ती सांभाळत हॉटेलमालक उभा. सकाळी नोंदीसाठी पासपोर्ट घेतले तेव्हा त्याला माझी जन्मतारीख दिसली होती. १ जून १९६६. "इयी की दोऽदुनुझ," तो म्हणाला. 'बरं झालं तुम्ही जन्मलात,' असा त्याचा अर्थ. मला हे फार आवडलं. नुसतं जन्मल्याचं कौतुक. पुढे काय दिवे लावले, याची चौकशी नाही.

बायकोने बशी हातात घेतली, माझ्यापुढे तीनदा ओवाळली आणि हसायला लागली. कारण तो माझा वाढदिवस नव्हताच.

१ जून ही आमच्या गुरुजींची देणगी. १९७२ साली त्यांनी मला सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यात उभं केलं आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितलं. कान हाताला लागला. झालं, पोरगं सहाचं! सहा वर्षं पूर्ण पाहिजेत आणि शाळा जूनची, मग गुरुजींना दुसरी तारीख सुचणार तरी कुठून? वर्गात आम्ही तेवीस जण, पैकी सतरा एकाच दिवशी जन्मलेले. तुमच्याही घरात एखादा १ जूनवाला असेलच, म्हणून जास्त सांगत नाही. फक्त कान धरताना मी मान जरा वाकडी केली होती, हे आज कबूल करून टाकतो. नसती केली तर कदाचित अजून एक वर्ष नोकरी राहिली असती.

कारण ही तारीख शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे म्हणजे महाराष्ट्रभर कचेऱ्यांमध्ये शाल-श्रीफळांचा हंगाम. २०२४ च्या त्या दिवशी माझाही नंबर लागला. अठ्ठावन्न पूर्ण, तीन शाली, चार नारळ, साहेबांचं भाषण. भाषणात माझ्या हस्ताक्षराची स्तुती झाली. अठ्ठावीस वर्षांत ती कोणी केली नव्हती. नारळ शेजारी देऊन त्याच रात्री आम्ही मुंबईचा विमानतळ गाठला. तिकिटं लेकीने काढून दिली होती.

आईची माझ्याबद्दलची नोंद वेगळी आहे. "हरभरा काढायचा चालला होता. भूकंपात तुला काखंत मारून पळाले तर कंबर धरली माझी, इतका दांडगा झाला होतास." भूकंप म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. हिशेब केला तर आदल्या वर्षीचा फाल्गुन निघतो. तारीख? ती कोण लिहून ठेवतंय!

केक संपवून मी रिकामी बशी द्यायला खाली गेलो. मालक काउंटरमागे बसला होता. वयाने माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने कमरेत बारीक असलेल्या त्या काचेच्या पेल्यात चहा दिला. मोडक्या इंग्रजीत मी त्याला खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं, केकचे पैसे लावतो की काय. त्याला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. खिशातून ओळखपत्र काढून एका ओळीवर बोट ठेवत म्हणाला, "तारिह." तारीख! एवढा एक शब्द दुभाष्याविना कळला. १ जानेवारी. तो एर्झुरुमकडचा, तिकडे बर्फ फार. बाप कधीतरी शहरात गेला की दोन-तीन पोरांची नोंद एकदम करून यायचा आणि कारकून सगळ्यांना १ जानेवारी लावायचा. त्याच्या गावात नववर्षाला अर्ध्या गल्लीचा वाढदिवस असतो म्हणे.

"मग खरी तारीख?" त्याने मला विचारलं.

हरभऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते ऐन वेळी आठवेना. काउंटरवर वाडग्यात फुटाणे होते, ते लेब्लेबी म्हणतात. त्यातला एक उचलून मी त्याच्यापुढे धरला. "हे शेतातून काढत होते तेव्हा." त्याने तो फुटाणा माझ्या हातातून घेतला, नीट बघितला आणि खाऊन टाकला.

संध्याकाळी एमिनोनूच्या धक्क्यावरून घरी व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. आईला केक सांगितला, मेणबत्ती सांगितली, मालकाची १ जानेवारी सांगितली. "तुझ्या आधार कार्डावरपण तीच आहे की," मी म्हणालो. तिला नुसतं साल सांगता आलं होतं, तेही अंदाजाने. दिवस आणि महिना कार्डाने आपणहून दिले. आजवर त्या दिवशी आम्ही तिला काही गोडधोड केलेलं नाही. दुसऱ्या कुठल्याही दिवशी नाही.

मागे सीगल पक्षी ओरडत होते. तिला वाटलं कुणाचं तरी मूल रडतंय. मग म्हणाली, "आरं, त्याला इचारलंस का, त्याची आई काय सांगायची? कशाच्या दिसात झाला म्हणून?"

ते विचारायचं राहूनच गेलं.