तुम्ही विचारलंत म्हणून: पहाटे पाचला उतरून खोली कशी मिळते?

सत्तरी ओलांडल्यावरही मी एकटी फिरते हे कळलं की लोक आधी तब्येत विचारतात आणि मग हमखास हा प्रश्न येतो: रात्रभराची गाडी पहाटे पाच-साडेपाचला पोचते, खोली मिळणार दुपारी, मग मधल्या वेळात तुम्ही करता काय? पाठोपाठ दुसरा: स्टेशनजवळचंच हॉटेल घेत असाल ना?

दुसऱ्याचं उत्तर आहे, नेहमीच नाही. पहिल्याचं उत्तर असं की मधला वेळ मी ठेवतच नाही. दहा तारखेच्या पहाटे पोचायचं असेल तर खोली नऊ तारखेपासून घेते. ज्या रात्री आपण त्या खाटेवर पाठही टेकणार नाही त्या रात्रीचे पैसे भरायचे, हे माझ्या वयाच्या बऱ्याच जणांच्या जिवावर येतं. येऊ दे. त्या पैशांत मला रात्र नकोच असते, मला पहाट हवी असते: पोचल्याबरोबर उघडणारं दार, स्वतःचं बाथरूम आणि तीन तास आडवं होणं. तिशीतला माणूस सामान टाकतो, तोंडावर पाणी मारतो आणि शहर बघायला निघतो. मी तसं केलं तर तो दिवस ढकलत निघतो आणि दुसरा दिवसही त्याच्याबरोबर जातो. मग नेमकी बचत कशाची केली?

यात हॉटेलवाल्यांना दोष देण्यासारखं काही नाही. खोली सोडायची अकरा-बाराला, नव्या माणसाला मिळायची दोन-तीनला, मधला वेळ चादरी बदलायला आणि साफसफाईला. पहाटे पाचला तुमच्या खोलीत दुसरं कोणीतरी घोरत असतं. म्हणून ‘अर्ली चेक-इन’ या शब्दावर मी फारशी विसंबत नाही. फोनवरचं संभाषण साधारण असं होतं:

“होऊन जाईल मॅडम, फक्त अवेलेबिलिटीवर आहे.”

“आणि हॉटेल भरलेलं असेल तर?”

“तर मॅडम, लॉबीत बसू शकता.”

उत्तर प्रामाणिक आहे, फक्त लॉबीतला सोफा आठवा. बसलं की गुडघे छातीशी येतात आणि उठायला दुसऱ्याचा हात लागतो. शिवाय बॅग तिथे एकटी टाकून बाथरूमला जायचं की नाही, हा विचार दर तासाला.

आदल्या रात्रीपासून खोली घेण्यात एक खाचखळगा आहे, आणि तो माहीत नसला तर पैसेही जातात, खोलीही जाते. हॉटेलचा दिवस आपल्यासारखा मध्यरात्री संपत नाही. रात्री उशिरा कधीतरी काउंटरवरचा माणूस त्या दिवसाचा हिशेब बंद करतो. तोवर जो पाहुणा आला नाही त्याच्या नावापुढे ‘नो-शो’ लागतं. नऊ तारखेचं बुकिंग, तुमचा पत्ता नाही, म्हणजे तुम्ही आलाच नाहीत. पुष्कळ ठिकाणी मग एकच रात्र जात नाही, पुढचं सगळं बुकिंग रद्द होतं आणि खोली दुसऱ्याला दिली जाते. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला पहाटे काउंटरवर हेच ऐकावं लागलं. त्यांच्या हातात पावती होती, समोरच्या माणसाकडे किल्ली नव्हती, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

त्यामुळे बुकिंग करताना सूचनांच्या रकान्यात मी तारीख आणि वेळ दोन्ही लिहिते: ‘बुकिंग ९ तारखेचं असलं तरी प्रत्यक्ष पोचणार १० तारखेला पहाटे ५.३० वाजता, खोली राखून ठेवावी.’ नुसतं ‘लवकर येणार’ लिहिलं तर समोरचा दहा तारखेची सकाळ धरतो किंवा नऊची, काही भरवसा नाही. हेच गाडीत बसायच्या आधी फोन करून पुन्हा सांगते आणि होकार मेसेजवर मागून घेते. कंटाळवाणं आहे. पण पहाटे वाद घालण्यापेक्षा संध्याकाळी फोन केलेला परवडतो.

फोनवरून आठवलं. नवं ठिकाण घ्यायच्या आधी मी तिथे एकदा पहाटे पाचलाच फोन लावते. माझे भाचे याला छळ म्हणतात. पण ‘चोवीस तास रिसेप्शन’ हे जाहिरातीत लिहायला काहीच लागत नाही. फोन कोणी उचलतो का, आणि उचलल्यावर भानावर असतो का, हे त्या वेळीच कळतं. लहान हॉटेलांत रात्री शटर ओढून आत एक मुलगा झोपलेला असतो. त्याला हाक मारायला बेल आहे की दार बडवायचं? हे मी त्यालाच विचारते. एवढ्या पहाटे विचारल्यावर माणूस अगदी खरं सांगतो.

आता स्टेशनजवळचं. नकाशावर ‘स्टेशनपासून ४०० मीटर’ दिसतं ते बरेचदा सरळ रेषेतलं अंतर असतं, आणि ती रेषा रुळांवरून जाते. स्टेशनला दोन बाजू असतात. गाडी ज्या फलाटावर लागते तिथून हॉटेलच्या बाजूला जायला पूल चढावा लागला तर ते चारशे मीटर माझ्यासाठी चार किलोमीटर आहेत. सरकता जिना बंद असू शकतो, लिफ्ट फलाटाच्या दुसऱ्या टोकाला असते. म्हणून मी नकाशात चालत जायचा रस्ता काढून बघते, आणि स्टेशनाचं मागच्या बाजूचं दार पहाटे उघडं असतं का तेही विचारते. त्यापेक्षा दोन किलोमीटरवरचं, पण टॅक्सी थेट पायरीशी लावणारं हॉटेल मी कधीही पसंत करीन. त्यात आणखी एक फायदा: स्टेशनाला खेटून असलेल्या खोलीत रात्रभर गाड्यांच्या घोषणा ऐकू येतात. तिथेच राहायचं असेल तर मागच्या बाजूची खोली मागावी.

पूल टाळण्याचं कारण नुसते गुडघे नाहीत. रात्रभर बर्थवर पडून किंवा खुर्चीत अवघडून राहिल्यावर एकदम उठलं की रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. वयाबरोबर हे वाढतं, रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर आणखी. स्टेशन यायच्या आधी अर्धा तास मी उठून बसते, पाय हलवते, थोडं पाणी पिते आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय दाराकडे जात नाही. एवढं करूनही उतरल्या उतरल्या जिने चढायची माझी तयारी नसते.

हॉटेलच्या इमारतीबद्दल मी तीनच गोष्टी विचारते. रस्त्यापासून काउंटरपर्यंत पायऱ्या किती, लिफ्ट तळमजल्यापासून आहे की अर्धा जिना चढून गेल्यावर, आणि बाथरूममध्ये पाय उचलून टबात उतरावं लागतं का. फोटोत पलंगावरच्या उशा दिसतात, बाथरूमचा उंबरठा दिसत नाही. अनोळखी खोलीत, अर्धवट झोपेत, ओल्या फरशीवर पडणं हा प्रवासातला सगळ्यात साधा आणि सगळ्यात महागात पडणारा अपघात आहे. तिथला दिवा मी चालूच ठेवते. वीज वाया जाते, जाऊ दे.

बाथरूमचा विषय निघालाच आहे तर लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनाचं सांगायलाच हवं. तिथे रेल्वे कंपनीने १८७३ साली स्टेशनाच्या दर्शनी इमारतीतच मिडलँड ग्रँड नावाचं हॉटेल उघडलं. गाडीतून उतरा आणि खोलीत जा, याहून सोयीचं काय असणार? पण खोल्यांना जोडून बाथरूम नव्हती. न्हाण्याचे टब आणि पाणी नोकरांनी वाहून आणायचं. काळ बदलला, लोक खोलीतच नळ मागू लागले, असं हॉटेल चालवणं परवडेना आणि १९३५ मध्ये ते बंद पडलं. त्याच इमारतीत पुन्हा हॉटेल सुरू व्हायला २०११ उजाडलं. जागा लाखमोलाची असून भागत नाही. मला तरी हे ऐकून बरं वाटलं होतं.

काही ठिकाणी चोवीस तासांचा हिशेब असतो: पहाटे पाचला आलात तर दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत खोली तुमची. पहिल्या दिवशी छान वाटतं. सोडायची वेळही पहाटे पाचच आहे हे मागाहून लक्षात येतं, म्हणून एकाच दिवसाचं काम असेल आणि रात्रीची परतीची गाडी असेल तेव्हाच मी ते घेते. स्टेशनातल्या रिटायरिंग रूम मिळाल्या तर त्यासाठी उत्तम, पण त्या बऱ्याच आधी भरतात. सामान क्लोकरूममध्ये टाकून वेटिंग रूममध्ये बसणं हा शेवटचा उपाय. तो धडधाकट माणसाने करावा.

गाडी नऊ-दहानंतर पोचणार असेल तर मीही आदली रात्र घेत नाही. तोवर एखादी खोली रिकामी होण्याची आशा असते. थोडे जास्त पैसे देऊन लवकर खोली मिळते का, ते आधी विचारून ठेवते.

राहिला शेवटचा प्रश्न, जो भाचे मुद्दाम विचारतात: आदल्या रात्रीचे पैसे भरले आणि गाडीच पाच तास लेट झाली तर? तर त्या खोलीची मला आणखीच गरज असते, कारण गाडीतल्या रात्रीला अर्धा दिवस जोडला गेलेला असतो. गाडी रखडतेय असं दिसलं की मी हॉटेलला पहिला फोन करते, नाहीतर तिथेही ‘नो-शो’ लागायचं. हॉटेलचा नंबर मोबाइलमध्ये असतोच, पण कागदावर लिहून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातही ठेवते. अशा वेळी मोबाइलची बॅटरी माझ्याआधी झोपलेली असते.