गुहागरचे तीन दिवस

लग्नाला १० वर्षं झाली म्हणून कुठेतरी जाऊया असं चाललं होतं, मी म्हटलं गोवा नको, गर्दी नको, आणि मग गुहागर ठरलं. चिपळूणवरून साधारण ४५ किमी, रस्ता वळणावळणाचा पण काय सुंदर!

समुद्र म्हणजे व्याडेश्वराच्या देवळापासून चालत पाच-सात मिनिटांवर, लांबच लांब वाळू आणि मागे सुरूची झाडं. सकाळी सहाला गेलो तर किनाऱ्यावर आम्ही दोघं आणि दोन-चार कुत्री, बस्स. नवरा एरवी फोन सोडत नाही पण इथे तासभर नुसता पाण्यात पाय सोडून बसला होता, मला ते बघूनच इतकं बरं वाटलं ना.

जेवण घरगुती, केळीच्या पानावर, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. तीन वाट्या प्यायले मी!

दुसऱ्या दिवशी हेदवी. दशभुजा गणपतीचं दर्शन घेतलं आणि खाली बामणघळीला गेलो. खडकात एक अरुंद भेग आहे, भरतीचं पाणी त्यात घुसतं आणि एकदम उंच कारंजं उडतं. पण भरतीची वेळ आधी विचारूनच जा हं, ओहोटीला तिथे काही दिसत नाही.

परत येताना धोपाव्याहून फेरीबोटीत गाडी घातली आणि दाभोळला उतरलो. खाडीवरचा तो वारा, ह्यांनी माझा हात धरलेला, खरंच उतरावंसं वाटत नव्हतं.