तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेच्या साइटवर तुमच्या मुलाचं नाव का नसतं

रविवारी मराठी शाळा सुटल्यावर पार्किंगमध्ये परत तेच. "ताई, पोरांच्या रोजच्या शाळेची ती वेबसाइट तुमच्याच हातात आहे ना? मग आमच्या पोराचा रोबोटिक्सचा फोटो आला तर खाली नाव टाकायला काय झालं? 'सहावीचा विद्यार्थी' म्हणजे कोण? आजीला इंडियात काय दाखवायचं आम्ही?" मी दर वेळी "अहो, कायदा आहे" म्हणते नि गाडीत बसते. नऊ वर्षं झाली. आता एकदाच लिहून टाकते, यापुढे कोणी विचारलं की हेच फॉरवर्ड करेन.

कायदा खरंच आहे, थाप मारत नाही मी. पण तुम्हाला वाटतो तो हा नाही. १९७४ चा फर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवण्याचा अख्ख्या अमेरिकेचा कायदा, बराच सैल आहे, शाळेने आधी कळवलं आणि पालकांनी नको म्हटलं नाही तर नाव, फोटो, बक्षिसं, एवढंच काय टीममधल्या पोरांची उंची नि वजनसुद्धा 'डिरेक्टरी इन्फर्मेशन' म्हणून जाहीर करता येतं. पण आपण राहतो न्यू जर्सीत, आणि इथे शाळांच्या वेबसाइटसाठी राज्याचा वेगळा कायदा आहे, तो बरोबर उलटा चालतो. आधी पालकांची लेखी परवानगी, मगच नाव, फोटो, पत्ता, ईमेल, फोन. वर्गाची सहल कुठे नि किती वाजता हेही त्याच यादीत. नवीन होते तेव्हा मी याला हसले होते, सहलीत काय लपवायचंय? मग एकदा आमचंच कॅलेंडर परक्या माणसासारखं वाचून बघितलं. कुठली इयत्ता, कुठला दिवस, कुठल्या दारासमोर किती वाजता बसमधून उतरणार. त्यानंतर नाही हसले.

आणि परवानगीचा फॉर्म सप्टेंबरमध्ये घरी येतो हो, तुमच्यापैकी निम्म्या लोकांचा दप्तराच्या तळाशी केळ्याच्या सालीबरोबर सापडतो. असो.

खरं सांगायचं तर कायदा ही माझी ढाल आहे. नुसता कायदाच असता तर मीही चार ठिकाणी डोळेझाक केली असती, आणि सुरुवातीला करतही होते.

झालं असं की एका एलिमेंटरी शाळेत सायन्स फेअर होता. तिथल्या टीचर फार नीटनेटक्या, साठेक फोटोंची झिप फाइल पाठवली आणि प्रत्येक फाइलला त्या त्या मुलाचं नाव, आडनाव, इयत्ता. मी 'नो' यादी घेऊन बसले, एकेक चेहरा ताडून पाहिला, ज्यांची परवानगी नाही ते फोटो बाजूला काढले. एका फोटोत ज्वालामुखीचं मॉडेल मस्त आलं होतं, मुलगा पाठमोरा, फक्त टोपी नि पाठ. तो 'नो' मधलाच होता. पण चेहरा दिसत नाही म्हटल्यावर कोण ओळखणार, म्हणून ठेवला. विचार करून ठेवला बरं का, चुकून नाही. फाइलचं नाव बदलायचं मात्र राहिलं. आमचं सॉफ्टवेअर काय करतं, फोटो अपलोड केला की फाइलचं नाव उचलून ऑल्ट टेक्स्टमध्ये टाकतं, म्हणजे ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा पालकांना स्क्रीन रीडर जे वाचून दाखवतो ते. साइट अंध पालकांनाही वापरता यावी म्हणून मीच भांडून हे चालू करून घेतलं होतं! पानावर नाव कुणालाच दिसत नव्हतं. गूगलला दिसत होतं.

सोमवारी सकाळी त्या मुलाच्या आईचा फोन. बाई शांत होत्या. तक्रार करायची नाही म्हणाल्या, फक्त काढा. तुम्हाला कसं सापडलं असं मी विचारलं, आणि ते विचारलं याची मला आजही लाज वाटते. म्हणाल्या, दर रविवारी रात्री मी त्याचं नाव शोधते. कधी काही येत नाही. काल आलं.

दहा मिनिटांत पानावरून काढलं. पण गूगलच्या इमेजेसमध्ये तो छोटा फोटो तसाच, खाली नाव, शेजारी आमच्या शाळेचं नाव. जुना मजकूर काढायची विनंती करायचा एक फॉर्म असतो, तो भरला. मंगळवारी त्यांचा फोन, "अजून आहे." बुधवारी, "अजून आहे." तोच आवाज. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. गुरुवारी दुपारी गेला. दोन आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी शाळेची यादी उघडली तर त्या मुलाच्या पुढे 'ट्रान्सफर्ड'. आमचे साहेब म्हणाले, लोक हलतात, भाडं वाढलं असेल. असेलही. मी कुणाला विचारलं नाही, विचारायचा हक्कही नव्हता. नंतर कळलं की घरच्या मारहाणीतून सुटून लपून राहणाऱ्यांसाठी राज्याची एक योजना आहे, खऱ्या पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्सचा पत्ता मिळतो आणि शाळेलाही तोच देता येतो. त्या बाई त्यात होत्या की नाही, माहीत नाही. फॉर्मवर 'नो' च्या पुढे कारणाचा रकाना नसतो, आणि तो नाही हेच बरं आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या एकीपायी आमच्या सगळ्यांची पोरं बिननावाची? हो. कारण ती एक कोण हे मला बघून कळत नाही.

बरं, मुलांचं सोडा, साइट बघायला येणाऱ्यांचं काय, हे तर कुणी विचारतच नाही. मध्यंतरी किंडरगार्टनच्या नावनोंदणीची जाहिरात करायची म्हणून वरून टूम निघाली की साइटवर फेसबुकचा पिक्सेल बसवा. म्हणजे कुणी फुकट जेवणाचा अर्ज उघडला, कुणी रात्री अकराला काउन्सेलरचं पान बघितलं, कुणी बुलिंगची तक्रार कशी करायची ते वाचलं, की त्याची खबर तिकडे. मी मीटिंगमध्ये फार आवाज केला, पिक्सेल बसला नाही. फुशारकी इथेच संपते. कारण ॲनालिटिक्स, म्हणजे साइटवर लोक काय बघतात नि शोधतात ते मोजणारं साधन, आधीपासून होतं, मीच बसवलेलं. आमच्या सर्च बॉक्समध्ये पालक काय टाइप करतात माहितीये? पोराचं पूर्ण नाव. ते शब्द पानाच्या पत्त्यात जातात आणि तिथून रिपोर्टमध्ये. हा रिपोर्ट रंगीत तक्ते काढून मी दर महिन्याला बोर्डापुढे मांडत होते, आणि तळाच्या कोष्टकात मुलांची नावं! ते बंद केलं. किती महिने चाललं होतं ते मोजायचा धीर झाला नाही.

आणि तुमचं म्हणणं मला कळत नाही असं नाही. साताऱ्यात आमचा निकाल फळ्यावर लागायचा, गणितात ४१, अख्ख्या पेठेने वाचलं, मेले नाही मी. पण तो फळा पावसात धुऊन जायचा, आणि वाचायला साताऱ्यात असावं लागायचं. हे मी स्वतःला सांगते खरं, पण मग आठवतं की मला नापास समजणारे काका अजून भेटतात.

शिवाय फायदा किती, तेही बघा. तोच रोबोटिक्सचा फोटो तुम्ही फेसबुकवर नाव, शाळा नि मागे घराचा नंबर अशा थाटात टाकलेला असतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये पॉवरस्कूल, म्हणजे शाळा मुलांच्या नोंदी ज्यात ठेवतात ते सॉफ्टवेअर, फोडून चोरांनी देशभरातल्या मुलांची माहिती नेली, त्यांना माझी वेबसाइट लागली नाही. दाराला कडी लावायची आणि भिंतच पडलेली, असं वाटतं कधी कधी. तरी कडी लावते. सवय म्हणा, हट्ट म्हणा, त्या बाईंचा आवाज म्हणा.

त्या मुलाचं नाव मला स्पेलिंगसकट पाठ आहे. परवा रविवारी रात्री वाटलं, बघावं एकदा, अजून कुठे काही उरलंय का. अर्धं टाइप केलं. मग लक्षात आलं की हेही एका सर्च बॉक्सातच टाइप करतेय. खोडलं.