जुनी गाडी घेताना दार कुणाचं वाजवायचं?

मागच्या रविवारी धाकट्या भावाचा फोन आला. कोल्हापुरात रात्रीचे नऊ वाजले होते, इथं इंग्लंडात लेस्टरमध्ये दुपारचे साडेचार.

"अक्का, गाडी बघून ठेवलीया. एक नंबर हाय. सिंगल हँड, आपल्याच पासिंगची. मालक आमच्या तालमीतल्या पोराचा मावसभाऊ."

आप्पांना दर पंधरा दिवसांनी तपासणीला मिरजेला न्यावं लागतं. एस.टी.चा प्रवास आता त्यांना झेपत नाही आणि दर वेळी भाड्याची गाडी परवडत नाही. गाडी हवीच आहे, पैसे आम्ही दोघं मिळून घालणार आहोत. भावानं दुसरी एक गाडी डीलरकडं पाहिली होती. मॉडेल तेच, वर्षही तेच, पण साठ हजारांनी महाग. "ओळखीतली गाडी असताना डीलरच्या खिशात साठ हजार कशाला घालायचं?" असं त्याचं म्हणणं.

अगदी हाच हिशोब मी सहा वर्षांपूर्वी इथं केला होता आणि तो मला महागात पडला होता. त्या रात्री त्याला फोनवर जे सांगितलं, ते आज सविस्तर लिहितेय. तुमच्यापैकी कुणी इकडं यायच्या तयारीत असेल किंवा तिकडंच जुनी गाडी बघत असेल, तर त्याला उपयोग होईल.

मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. रात्रपाळी सुटायच्या वेळी बस नसते, म्हणून आल्यावर चौथ्या महिन्यातच गाडी घ्यायची ठरवली. डीलरकडं हवी तशी गाडी २,७०० पौंडांना होती. ऑनलाइन जाहिरातीत तसलीच गाडी एक माणूस १,९०० ला विकत होता. त्यानं सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी बोलावलं. गाडी धुऊन पुसून लखलखीत होती. एम.ओ.टी., म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीची मुदत, अकरा महिन्यांची शिल्लक होती. नोंदणीच्या कागदावर नाव दुसऱ्याच बाईचं होतं. "माझ्या मावशीची गाडी आहे," तो म्हणाला. आपल्याकडं नाही का, मावशीची गाडी भाचा विकतो, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिथंच पैसे दिले.

चोविसाव्या दिवशी पहाटे कामावरून येताना चढावर गाडी ओढेना. इंजिन नुसतं गुरगुरत होतं, वेग वाढत नव्हता, आणि जळका वास गाडीभर पसरला होता. गॅरेजवाल्यानं क्लच आणि गिअरबॉक्स दोन्हींचा मिळून १,१०० पौंडांचा खर्च सांगितला. त्या माणसाला फोन केला, तर पहिल्यांदा "बघून घेतलीत तशी विकली" हे उत्तर आलं आणि नंतर फोन लागेनासा झाला. काही दिवसांनी त्याच नंबरवरून आणखी तीन गाड्यांच्या जाहिराती दिसल्या. मावशी वगैरे कुणी नव्हती. तो गाड्या घेऊन विकणारा धंदेवाईक माणूस होता आणि खासगी मालकाचं सोंग घेऊन उभा होता. इथं ते बेकायदेशीर आहे. पण ज्याचं नाव एकाही कागदावर नाही आणि ज्याचं घर मी पाहिलेलं नाही, त्याचं दार वाजवायचं कसं? त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून रडले. आप्पांनी विमानाच्या तिकिटासाठी दिलेल्या पैशांतले उरलेले त्या गाडीत गेले होते.

इंग्लंडमधला कायदा मी त्यानंतर वाचला. खासगी माणसाकडून गाडी घेतली, तर त्यानं केलेलं वर्णन खरं असलं पाहिजे आणि गाडी विकायचा त्याला हक्क असला पाहिजे. यापलीकडं फारसं काही मागता येत नाही. डीलरकडून घेतली, तर २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो. गाडी तिच्या वयाच्या आणि किमतीच्या मानानं समाधानकारक असायला हवी. मुळातला दोष निघाला, तर पहिल्या ३० दिवसांत गाडी परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दोष दिसला, तर तो विक्रीच्या वेळीच होता असं धरलं जातं. तसं नव्हतं हे सिद्ध करायचं काम डीलरचं. दुरुस्तीची एक संधी त्याला मिळते. तिथं तो नापास झाला, तर गाडी परत करता येते, फक्त वापराचे पैसे कापले जाऊ शकतात. माझ्या दोन गाड्यांतल्या आठशे पौंडांच्या फरकात हे सगळं बसलेलं होतं, आणि मी तो फरक नुसता डीलरचा नफा समजून सोडून दिला.

एम.ओ.टी.बद्दलही सांगायला हवं, कारण इकडं नवीन आलेली आपली माणसं तिथंच चुकतात. तीन वर्षांवरच्या प्रत्येक गाडीची ही वार्षिक सुरक्षा तपासणी असते. ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग, धूर हे सगळं बघतात. पण इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची आतली अवस्था त्या तपासणीत येतच नाही. म्हणून अकरा महिने शिल्लक असूनही माझा क्लच गेला. मात्र त्याच तपासणीचा जुना इतिहास गाडीच्या नंबरवरून सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो. दर वर्षीचं किलोमीटर नव्हे, मैलांचं रीडिंग, कशात नापास झाली, कशाबद्दल ताकीद दिली, सगळं तिथं असतं. माझ्या गाडीच्या नावावर सलग तीन वर्षं तेलगळतीची ताकीद होती. पाच मिनिटांत कळलं असतं.

दुसरी गाडी मी डीलरकडून घेतली. इसाराचे दोनशे पौंड मुद्दाम क्रेडिट कार्डानं दिले. इथल्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ असं आहे, की १०० पौंडांच्या वरच्या आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूचा थोडा जरी भाग कार्डानं भरला, तरी विकणाऱ्याबरोबर कार्ड कंपनीही पूर्ण रकमेला जबाबदार राहते. एकोणिसाव्या दिवशी गाडीनं इंजिनाचा दिवा दाखवला. डीलर म्हणाला, "वॉरंटीत बघू, पुढच्या महिन्यात आणा." पुढच्या महिन्यात म्हणजे तीस दिवस उलटल्यावर, हे मला आता कळत होतं. मी त्याच संध्याकाळी ईमेल केला: दोष अमुक तारखेला दिसला, मी माझा हक्क राखून ठेवते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला आणि आठवड्यात गाडी दुरुस्त होऊन आली. ती गाडी अजून माझ्याकडं आहे.

खासगी गाडी इथं घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी घेतल्या आणि उत्तम चालल्या. फोन करताना नुसतं "गाडीबद्दल विचारायचं होतं" एवढंच म्हणा. समोरून "कोणती गाडी?" असा प्रश्न आला, की तो एकाच गाडीचा मालक नाही हे कळतं. नोंदणीच्या कागदावरच्या पत्त्यावरच, त्याच्या घरासमोर, दिवसाउजेडी गाडी बघा. आणि त्या कागदावर लिहिलेलं नाव गाडी सांभाळणाऱ्याचं असतं, तो मालकीचा पुरावा नाही. कर्ज बाकी आहे का आणि विमा कंपनीनं कधी गाडी निकालात काढली होती का, हे थोडे पैसे भरून तपासता येतं. जुना रोड टॅक्सही नव्या माणसाला मिळत नाही. तो आणि विमा दोन्ही स्वतःच्या नावावर झाल्याशिवाय गाडी पार्किंगमधून हलवायचीसुद्धा नाही.

हे सगळं ऐकून भाऊ म्हणाला, "मग डीलरकडनंच घेऊया की."

इथंच मी त्याला थांबवलं. आपल्याकडं ग्राहक आयोग आहे, डीलरविरुद्ध तिथं जाता येतं, पण तीस दिवसांत गाडी परत असा थेट हक्क कायद्यानं हातात दिलेला नाही. म्हणजे साठ हजार जास्त देऊन नेमकं काय मिळतंय, हे डीलरला विचारावंच लागतं. मी भावाला तीन गोष्टी विचारायला पाठवलं. आर.टी.ओ.चं अधिकारपत्र आहे का? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते घ्यावं लागतं, आणि मूळ मालकानं गाडी ताब्यात दिल्याची ऑनलाइन नोंद झाली की गाडीची जबाबदारी डीलरवर येते. दुसरं, आर.सी.वर आज नाव कुणाचं आहे? तिसरं, वॉरंटीचा कागद दाखवा.

अधिकारपत्र "प्रोसेसमध्ये" होतं. आर.सी.वर इचलकरंजीच्या कुणाचं तरी नाव, आणि त्याच्या सह्या घेतलेले, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे कोरे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म ड्रॉवरमध्ये. वॉरंटी म्हणजे लेटरहेडवर दोन ओळी आणि शिक्का. माझ्या पार्किंगमधल्या माणसात आणि ह्यात मला फरक दिसेना. मधला माणूस पैसे घेतो, पण त्याचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही.

कोऱ्या फॉर्मांचं दुखणं आमच्या घरानं दुसऱ्या बाजूनंही भोगलंय. आप्पांनी त्यांची जुनी गाडी एका एजंटाला दिली, सह्या करून मोकळे झाले. दोन वर्षांनी पुण्यातल्या सिग्नलचं ई-चलन त्यांच्या मोबाइलवर आलं. चलन भरून भागलं, पण आप्पा कित्येक रात्री झोपले नाहीत, कारण त्या गाडीनं कुणाला उडवलं असतं तर? सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय, की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, गाडी मधे कितीही हात फिरलेली असो. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं. ते "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून राहतं.

राहिली ओळखीतली गाडी. ओळख असली की आपण विचारायला लाजतो, आणि मला भीती त्याचीच वाटते. मालकाला वाईट वाटेल, तालमीत तोंड कसं दाखवायचं. मी भावाला म्हटलं, "आप्पांना बसवायचंय त्या गाडीत. लाजू नकोस."

कोल्हापुरात तर पहिला प्रश्न पुराचाच. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये गाडी कुठं लावलेली होती? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, त्या दोन्ही वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. सुतारवाडा, दुधाळी, नागाळा पार्क, चिखली, आंबेवाडी, कुणाच्या दारात किती पाणी आलं हे गल्लीतलं पोरही सांगतं. अशा गाड्या धुऊन, सीट बदलून पुन्हा बाजारात येतात आणि आपल्या आर.सी.वर तशी नोंद नसते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा, टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटच्या खालच्या रुळांचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली माती, हेडलाइटच्या आतला पाण्याचा डाग, काचा बंद करून पाच मिनिटं बसल्यावर येणारा कुबट वास. वायरिंगमध्ये पाणी गेलेली गाडी दोन-दोन वर्षांनीही दगा देते.

मग विम्याची पॉलिसी मागायची. वर्षभर क्लेम नसला की नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. पाच वर्षांत "ओरखडाही नाही" म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल, तर कशाचा क्लेम घेतला ते विचारायचं. तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. घेतल्यावर पॉलिसीही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची, नाहीतर आपल्याच गाडीचं नुकसान भरून मिळणं अवघड. टायरवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. वीस हजार चालल्याचं मीटर दाखवणाऱ्या सात वर्षांच्या गाडीचे चारही टायर गेल्या वर्षीचे असतील, तर मीटर मागं फिरवलंय का ही शंका घ्यायलाच हवी.

भावानं उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना बरोबर घेतलं. रंकाळ्याभोवती फिरवून गाडी कळत नाही, म्हणून मामांनी ती सकाळी थंड इंजिनावर सुरू केली आणि वाघबीळवरून पन्हाळ्याला नेली. वर पोचल्यावर बॉनेट उघडून बराच वेळ ऐकत उभे राहिले. "इंजान कोरडं हाय. क्लच अजून वरीसभर चालंल. डावा दरवाजा रंगवलाय, त्यो इचार," एवढंच बोलले. मालकानं दरवाजाचं लगेच कबूल केलं, दुचाकी घासली होती. बोनस ३५ टक्के होता, सीटबेल्ट स्वच्छ.

अडलं ते आर.सी.वर. त्यावर अजून बँकेचा बोजा होता. कर्ज फिटून वर्ष झालं होतं, पण मालकानं बोजा उतरवलाच नव्हता. भाऊ म्हणाला, "पैसं देऊन टाकतो, त्यो नंतर करंल. ओळखीतला हाय." मी म्हटलं, दहा हजार इसार दे, पावती घे, बँकेची एन.ओ.सी. आणि ३५ नंबरचा फॉर्म होऊन बोजा उतरला की उरलेले. आणि पैसे मालकाच्या खात्यावर, ज्या दिवशी नावावर करायचा अर्ज जाईल त्याच दिवशी.

मालकाला वाईट वाटलं नाही. उलट तो स्वतःच भावाला घेऊन बँकेत गेला.

काल रात्री फोटो आला. आर.सी.वरची बोज्याची ओळ गेलेली. खाली भावाचा मेसेज: "अक्का, सोमवारी आर.टी.ओ.त जातोय. गुरुवारी आप्पांची मिरजेची तारीख हाय."