बासवुडची गिटार आणि उद्यमनगरातले मामा

माझी इलेक्ट्रिक गिटार बासवुड नावाच्या लाकडाची. जो तो म्हणायचा, "महोगनी असती तर गोष्टच वेगळी होती." मऊ लाकूड आहे, तर पिकअप (तारांचं हलणं पकडून त्याची वीज करणारा मॅग्नेट-कॉइलचा भाग) जोरकस घाल, असाही सल्ला मिळाला. म्हणून सिरॅमिक मॅग्नेटचा सेकंडहँड हंबकर, म्हणजे दोन कॉइलींचा पिकअप, घेतला आणि नेकला, म्हणजे गिटारच्या मानेकडच्या जागी बसवला (दुसरी जागा ब्रिजची, तारा बॉडीवर टेकतात तिथली), कारण सोलोला मी नेकचाच पिकअप वापरतो.

नुसता चिखल! डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) लावलं की जाड तारांच्या सुरांचा लगदा व्हायचा. मी लाकडाला दोष देऊन मोकळा झालो.

उद्यमनगरात मोटरी भरणारे एक मामा आहेत. आमच्या विहिरीवरची मोटर त्यांनीच भरलेली. कॉइल आतून तुटलीय का बघायला दोन्ही पिकअप आणि गिटार घेऊन गेलो. मामांनी मीटर लावला. नव्याचं रीडिंग 14.2 किलोओहम, कंपनीतून आलेल्या जुन्याचं 7.6.

"दोन्ही धडधाकट हायत. ह्यात वेढं जास्त भरल्यात, एवढंच. पर दोन-दोन कॉइल कशाला रं?"

मी सांगितलं, लाइटच्या 50 हर्ट्झची घरघर दोन्ही कॉइलींत शिरते. वेढे आणि मॅग्नेटची टोकं एकमेकांच्या उलट ठेवली की घरघर कटते, तारेचा आवाज मात्र बेरीज होऊन येतो. गिब्सनच्या सेथ लव्हरनं 1955 साली याचा पेटंट अर्ज केला होता. मामांना अर्जाशी देणंघेणं नव्हतं. ते जाड तार छेडून वाकून बघत होते.

"हितं नेकपाशी तार बघ कशी झुलती. ब्रिजपाशी हलतीय का? मग जोराची कॉइल झुलतीय तिथं कशाला घातलीस?"

वर्षभर लाकडांची नावं पाठ केली आणि हे कधी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. नेकला तार जास्त हलते, आवाज आपोआप मोठा आणि बेसदार येतो, तिथं कमी वेढे पुरतात. ब्रिजला हालचाल थोडी, आवाज टोकदार, म्हणून तिथं जास्त वेढे. शिवाय माझा सिरॅमिक मुळात ब्रिजसाठीच बनलेला निघाला. त्याच्यावर प्रत्येक तारेखाली एक स्क्रू असतो; त्यातले कडेचे दोन एकमेकांपासून 52 मिलिमीटरवर, पण नेकला तारा त्याहून जवळजवळ असतात. कडेच्या तारा स्क्रूंवर येतच नव्हत्या.

मग सिरॅमिक ब्रिजला गेला आणि नेकला तोच जुना 7.6 परत आला. खर्च शून्य. (सिरॅमिकचे पैसे आधीच गेले होते, ते सोडा.)

घरी येऊन स्विच मधे, म्हणजे दोन्ही पिकअप एकदम वाजतील असा, ठेवला तर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा. मामांना फोन केला. "मोटर उलटी फिराय लागली तर काय करतो? दोन फेज बदलतो. तसंच कर." म्हणजे दोन्ही पिकअप एकमेकांच्या उलट चालत होते. सिरॅमिकची हॉट (सिग्नलची) आणि ग्राउंडची वायर अदलाबदल केली, वायरींवरची उघडी शील्ड (जाळी) ग्राउंडलाच ठेवली. आवाज भरला!

लाकडाचा फरक पडत नाही, असं मी म्हणणार नाही. पण शेवटी पिकअपला लोखंडी तारेचं हलणंच कळतं, आणि माझ्या गिटारला पिकअप दोन मिलिमीटर खाली-वर केल्यावर जेवढा फरक पडला, तेवढा लाकडानं कधी पडला नसता. नेकचा तारेपासून तीन मिलिमीटरवर, ब्रिजचा दोनवर ठेवलाय.

पुन्हा दाखवायला नेली तेव्हा मामांनी मागचं झाकण उघडायला लावलं आणि टोनचा कपॅसिटर बोटानं हलवून बघितला.

"0.022 मायक्रोफॅरड? एवढुस्सा?" आणि शेजारच्या पोराला हाक मारून दाखवला.